बोअरच्या पाण्याला पेट्रोलचा वास

प्रश्न : आमची कुर्ल्याला तीन विंगची सोसायटी आहे, फ्लशला बोअरचं पाणी. पावसाळा संपल्यापासून पाण्याला पेट्रोलसारखा वास येतोय. रस्त्यापलीकडे पेट्रोलपंप आहे. सेक्रेटरी म्हणतात सरळ नोटीस द्या, पण तिथूनच येतंय हे कसं कळणार?

उत्तर : नोटीस नंतर, आधी पंप बंद करा. पेट्रोलपंप नव्हे हो, तुमच्या बोअरचा! मोटर चालली की जमिनीतली घाण बोअरकडेच ओढली जाते. आणि उकळून वापरू म्हणणाऱ्यांना आवरा, कारण उकळताना पेट्रोलमधलं बेंझीन (कॅन्सर करणारं रसायन) हवेत उडतं आणि मग नाकातून आत जातं. डब्ल्यूएचओची पिण्याच्या पाण्यातल्या बेंझीनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, इतक्या कमीचा नाकाला वासही येत नाही, त्यामुळे उद्या वास गेला म्हणून पाणी चांगलं झालं असं धरू नका.

वास पावसानंतरच का आला, तर पेट्रोल पाण्याहून हलकं, ते भूजलावर तरंगतं आणि थोडं मातीत अडकून राहतं, मग पावसात पातळी चढली की पाणी त्या मातीला लागतं. म्हणजे गळती जुनीही असू शकते.

आता कुठून. रस्त्याचा उतार बघून ठरवू नका, मुंबईखाली बहुतेक काळा कातळ, पाणी भेगांतून वाट मिळेल तसं जातं. त्यासाठी निदान तीन छोटी बोअरं मारतात, एका ओळीत नाही तर त्रिकोणात, आणि तिन्हीतली पातळी मोजून प्रवाहाची दिशा काढतात (कातळात तीनवर भागेलच असं नाही). खोदताना निघालेल्या मातीतली पेट्रोलची वाफ मीटरने तपासतात. पंपवाल्याकडून टाकीची प्रेशर टेस्ट आणि रोजच्या स्टॉकचा हिशोब मागायचा, तो सुखासुखी देणार नाही, म्हणून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा. पेट्रोल साठवायचं लायसन्स पेसो (केंद्र सरकारची पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणारी संस्था) देतं, त्यांनाही कॉपी पाठवा.

आणि हो, तुमच्या स्वतःच्या जनरेटरची डिझेल टाकी बघितलीत का? पेट्रोल की डिझेल हे लॅबला गॅस क्रोमॅटोग्राफीत (सँपलमधली रसायनं वेगळी करून ओळखायची तपासणी) बऱ्यापैकी कळतं, पण सँपल नीट हवं. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून नेलंत तर पैसे वाया. लॅबकडून ४० मिलीच्या काचेच्या बाटल्या आणा, काठोकाठ भरा, आत एकही बुडबुडा नको, आणि बर्फात ठेवून लगेच पोचवा. मिठी नदी जवळ आहे, भरती-ओहोटीने जमिनीतल्या पाण्याची पातळीही हलू शकते, त्यामुळे सँपल घेतलं तेव्हा भरती होती की ओहोटी तेही लिहून ठेवा.