सुराबायात स्वस्त हॉटेल निवडताना

प्रश्न : इंडोनेशियातल्या सुराबायाच्या तांजुंग पेराक बंदरातून पुढे जहाजाने मकास्सरला जायचं आहे. एक रात्र स्वस्त हॉटेलात काढू. आम्ही शाकाहारी. काय पाहावं?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : विमानतळ शहराच्या दक्षिणेला, बंदर उत्तर टोकाला, म्हणून मुक्काम उत्तरेकडेच करा. खोली घेताना ‘कामार मांडी दालाम’, म्हणजे आतलं न्हाणीघर, आहे का विचारा. स्वस्त खोलीत बहुधा गार पाणीच मिळतं. नळाचं पाणी पिऊ नका. आपली तीन पिनांची इस्त्री तिथल्या सॉकेटात बसत नाही. दोन गोल पिनांचा मोबाइल चार्जर चालतो.

खरी अडचण जेवणाची. भाजी दिसली तरी सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, बहुधा ‘तेरासी’, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट, असते. गाडो-गाडो या उकडलेल्या भाज्यांच्या पदार्थातल्या शेंगदाणा रश्श्यातही ती असू शकते. ‘तानपा तेरासी, तानपा इकान, तानपा दागिंग’ (तेरासी, मासे, मांस नको) असं कागदावर रोमन लिपीत, ‘tanpa terasi, tanpa ikan, tanpa daging’, लिहूनच दाखवा. तळलेलं टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, आणि भात मागा, पण सांबाल न घालता.