मोठी चूक झाल्यावर देव क्षमा करून पुन्हा काम देतो का?

हो, देतो. येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे बघा. येशूला पकडून नेलं त्या रात्री "मी या माणसाला ओळखत नाही," असं तो तीनदा म्हणाला, कोंबडा आरवला आणि तो बाहेर जाऊन ढसाढसा रडला. पण बायबलमध्ये मार्क १६:७ मध्ये येशूच्या रिकाम्या कबरेतला दूत स्त्रियांना सांगतो, शिष्यांना कळवा, आणि पेत्रालाही. नाव मुद्दाम वेगळं घेतलंय! मला हे वाक्य फार जवळचं वाटतं.

पुढे योहान २१ मध्ये किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव आहे. पेत्राने नाकारलं तेव्हाही तो असाच विस्तवाजवळ शेकत उभा होता. मेलेल्यांतून उठलेला येशू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटतं. जखम झाकली जात नाही, उघडून धुतली जाते. आणि प्रत्येक उत्तरामागून काम मिळतं: माझी मेंढरं सांभाळ. आधी स्वतःला सिद्ध कर, अशी अटच नाही.

तेव्हा पाप नाव घेऊन कबूल करा (१ योहान १:९). कुणाचं नुकसान केलं असेल तर लुबाडलेलं परत द्यायला तयार झालेल्या जक्कय या जकातदारासारखं भरून द्या. विश्वासातल्या एखाद्या वडीलधाऱ्यांशी मोकळेपणाने बोला. जुनंच पद परत मिळेल असं नाही, पण समोर आलेली लहानशी सेवा आजच हाती घ्या.