पुराच्या मदतीतून लगेच गाय घ्यावी का?

प्रश्न: सप्टेंबर 2025च्या पुरात सीना नदीकाठच्या आमच्या गोठ्यातल्या दोन दुभत्या गाई दगावल्या. मदतीचे 75,000 रुपये खात्यात आले. दोन गाई उरल्यात, वैरण वाहून गेली. गाईंच्या बँक कर्जाचे 90,000 बाकी आहेत, गावातून महिना तीन टक्क्यांनी घेतलेले 40,000 वेगळे. 1,10,000 रुपयांना गाभण गाय मिळतेय. कमी पडणारे 35,000 व्याजाने काढू का?

उत्तर: नको. आधी ते 40,000 फेडून मोकळे व्हा. त्यांचे व्याज महिन्याला 1,200 जाते. आणखी 35,000 काढले तर 2,250 होईल. आता दुधाचा हिशेब पाहा. 12 लिटर दूध, 34 रुपये भाव धरला तर दिवसाला 408. खुराक (पशुखाद्य) गाईच्या अंगाला, म्हणजे शरीर पोसायला, दीड किलो आणि दर अडीच लिटरमागे एक किलो, म्हणजे सव्वासहा किलोच्या आसपास. 32च्या दराने 200 गेले. 18 किलो ओली वैरण आणि पाच किलो कडबा विकत घेतला तर आणखी 140. उरले 68, महिन्याला जेमतेम 2,000. यातच रेतन, औषधे, खनिज मिश्रण. घरची वैरण असती तर गणित वेगळे होते. शिवाय गाभण गाय वेईपर्यंत नुसती खाणार.

उरलेल्या 35,000तून दोन गाईंची साठ दिवसांची वैरण घ्या, साधारण 17,000. वाफसा येताच, म्हणजे जमीन पेरणीजोगी सुकताच, दहा गुंठ्यांत सात-आठ किलो आफ्रिकन टॉल हा चाऱ्याचा मका पेरा. दोन-सव्वादोन महिन्यांत कापणीला येतो. भिजलेला, बुरशी आलेला कडबा स्वस्त मिळाला तरी घालू नका, जनावर आजारी पडते आणि दूध तुटते. बाकीचे 18,000 हलवू नका.

बँकेचे कर्ज या पैशातून फेडू नका. मदतीच्या रकमेतून वसुली करू नये, असे शासन निर्णयांत असते. कपात झाली तर शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. त्याच खेपेला गाईंचा विमा होता का, हे विचारा. कर्जावरच्या जनावरांचा विमा बहुतेक वेळा बँकच उतरवते, हप्ता खात्यातून जातो आणि शेतकऱ्याला पत्ताच नसतो. सरकारी मदत मिळाली म्हणून विम्याचा हक्क जात नाही. पंचनाम्याची प्रत, पशुवैद्यकाचा मृत्यूचा दाखला आणि कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक लागतो. उशीर झाला की कंपनी दावा अडवते, म्हणून उद्याच जा.

पंचनाम्यात वासरे दगावल्याची नोंद सुटली आहे का, तेही तपासा. वासराला 20,000 आहेत. गोठा पडला असेल तर त्याचे 3,000 वेगळे.

पशुपालनाचे किसान क्रेडिट कार्ड काढून ठेवा. दोन लाखांपर्यंत सात टक्के, वेळेत फेडले तर चार. ते खुराक-औषधांसाठी आहे, गाय घ्यायला नाही. विम्याचे पैसे आले आणि मका कापायला लागला की दुसऱ्या वेताची, नुकतीच व्यालेली गाय बघा. लागोपाठ तीन धारा स्वतः काढा, सड तपासा, बिल्ला आपल्या नावावर करून मगच पैसे द्या.