पहिला बेस: ग्राफाइट नेक की लाकडी?

भावा, पहिला बेस गिटार मेपलच्या लाकडी नेकचाच (तारा दाबतो त्या लांब दांड्याचा) घे. ग्राफाइटची ओढ मला कळते. ग्राफाइट म्हणजे इथे कार्बन फायबर, ते हवेतला ओलावा शोषत नाही, त्यामुळे खानापूरचा पाऊस असो की बेळगावातला कोरडा मार्च, नेक हलत नाही. स्वर स्वच्छ येतो, लांब टिकतो. लाकडी नेकवर G या तारेवर पाचव्या-सातव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) आसपास एखादा स्वर लवकर विझतो, ती खोड यात बरीच कमी असते.

पण जुन्या ग्राफाइट नेकपैकी अनेकांत ट्रस रॉडच (नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली धातूची सळई) नसतो. वापरलेला घेणार असशील तर हे आधी बघ. बाक तुझ्या तारांना जुळला नाही, तर फ्रेट घासून घेण्यापलीकडे फारसा इलाज उरत नाही. लाकडी नेक जूनमध्ये थोडा वाकला तरी बहुतेकदा रॉडच्या पाव वळशात जागेवर येतो, आणि ते काम तुलाही शिकता येईल. गणपतीच्या ऑर्केस्ट्रात ढोलकीखाली मला तरी लाकडाचाच भरीव, मऊ आवाज आवडतो.

मेपलच्या आत ग्राफाइटच्या पट्ट्या घातलेला नेक बजेटात मिळाला तर तोच घे. पावसाळ्यात मात्र ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नकोस, केसमध्येच ठेव.