ताई, पोरं सॅलड बघून पळाली, आता काय शिकवू?

प्रश्न : ताई, मी गोवंडीत राहते, कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. वस्तीतल्या १३ ते १७ वयाच्या दहा-बारा पोरापोरींना दर रविवारी स्वैपाक शिकवायला घेतलाय. यांच्या आया सकाळी सहाला कामावर जातात, पोरं चहा-खारीवर बाहेर पडतात आणि मग दिवसभर पाच-दहा रुपयांची पाकिटं. पहिल्या रविवारी चार्ट लावून प्रोटीन-व्हिटॅमिन समजावलं, गाजर-काकडीचं सॅलड केलं, तर पुढच्या वेळी चौघंच आली. मुलगे म्हणतात हे बायकांचं काम. एकच शेगडी, एक कुकर, पाणी सकाळी तासभर. काय शिकवू? आणि १३ वर्षांच्या पोराच्या हातात सुरी, गॅस द्यायचा का?

उत्तर : अगं, तुझी चौघं तरी आली! मी एका वस्तीत पहिल्याच दिवशी ओट्सचा उपमा केला होता, पोरांनी तो कागदी डिशमधे इकडून तिकडे फिरवला आणि खाली जाऊन वडापाव खाल्ला. चूक माझीच, ओट्स त्यांच्या कुणाच्याच घरी येत नव्हते.

तो चार्ट आधी काढ. मिसळ शिकव. हसू नकोस, मिसळ म्हणजे मुळात मोड आलेली मटकीच की, बिघडते ती वरच्या तर्रीने आणि मूठभर फरसाणाने, मग तेल अर्धं कर, फरसाण चिमूटभर ठेव, कांदा-कोथिंबीर भरपूर. शनिवारी सकाळी पाणी येतं तेव्हाच मटकी भिजत घालायची, संध्याकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधायची, रविवारी दुपारी मोड तयार. वाटीभर मटकी फुगून अडीच-तीन वाट्या होते हे पोरांना डोळ्यांनी बघू दे, त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. पावसाळ्यात मात्र लवकर चिकट होते, मधे एकदा धुवून घ्यायला सांग. मोडाची मटकी एका शिट्टीत शिजते, म्हणजे "गॅस संपवला" म्हणून आयांची बोलणीही नाही खायची.

वरून लिंबू पिळायचं आणि सोबत चहा नाही, हे दोनच नियम दे. लिंबातल्या सी व्हिटॅमिनमुळे डाळी-कडधान्यातलं लोह अंगी लागतं आणि चहा नेमका तेच अडवतो, म्हणून चहा जेवणानंतर तासाभराने. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना ॲनिमिया, म्हणजे रक्त कमी असणं, निघाला होता, आणि त्याचं एक मोठं कारण हे लोहच. मुलग्यांमधे ३१ टक्के, म्हणजे बायकांचं काम म्हणणाऱ्यांनाही सांग की बाबांनो तुम्ही पण आहात यात. पण खरं सांगू का, आकड्याने मुलगे येत नाहीत, अंडा भुर्जीने येतात :) आणि भुर्जीची गाडी लावणारा बाप्याच असतो ना, मग बायकांचं काम कसलं! फक्त कुणाच्या घरी अंडं चालत नसेल तर तेही आधी विचारून ठेव.

पाकिटं बंद करा असं म्हणू नकोस, उलट एक वर्गात आण. मागे छापलेलं वजन पोरांनाच वाचायला लाव आणि किलोचा भाव काढायला सांग. समजा पाच रुपयाला १२ ग्रॅम निघालं तर किलोला चारशेच्या वर! मग घरी बटाटा काय भावाने आणता विचार. आमच्याकडे एका पोराने उठून "ताई, हे तर लुटतायत" म्हटलं होतं, माझ्या तासभराच्या भाषणाने ते झालं नसतं. घटकांची यादी पण वाचायला शिकव, जे सगळ्यात जास्त ते पहिलं लिहिलेलं असतं. पाकीट लगेच सुटणार नाही, पण त्याच पैशात चणे-शेंगदाणे येतात आणि पोटाला आधार होतो, हे एकदा खाऊन कळलं की दोन दिवसांतून एकदा तरी हात तिकडे जातो.

सुरी दे, छोटी आणि धारेची, बोथट सुरीच जास्त सटकते. विळी नको. गॅसवर १३ वर्षांच्याला एकट्याला सोडू नकोस, तू शेजारी उभी राहा, आणि फोडणी शिकवायच्या आधी रेग्युलेटर बंद करणं शिकव. वर्ग संपला की "रेग्युलेटर बंद केला का?" विचारायचं काम सगळ्यात लहान पोराला दे, तो तुलाही सोडायचा नाही.