नक्षलवाद संपला तर गडचिरोलीत कायमची शांतता टिकेल का?

तुम्ही विचारलंय की मोठे नेते शरण आले, रस्ते झाले, सुरजागडचं लोहखनिज निघू लागलं, मग आता शांतता टिकणारच ना? मला तेवढी खात्री नाही. मी ठाण्यात राहतो, शहापूरकडच्या पाड्यांचे वनहक्क दावे भरायला मदत करतो. त्यामुळे सगळं जंगलाच्या कागदांतून बघायची खोड आहे, तेवढं धरून वाचा.

१५ ऑक्टोबर २०२५ ला भूपती या बड्या माओवादी नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली. मोठीच गोष्ट. पण १९८० च्या सुमारास हे नक्षलवादी तेलंगणातून नदी ओलांडून आले तेव्हा गावांनी त्यांना थारा दिला, तो काही पोथीनिष्ठ मार्क्सवाद पटला म्हणून नाही. तेंदूपानाला, बांबूतोडीला दर वाढवून मिळाला आणि जंगलखात्याचा जाच कमी झाला. पुढे त्यांनीच तेंदूच्या ठेकेदारांकडून खंडणी घेतली, खबऱ्या ठरवून गावकऱ्यांना मारलं. तरी मूळ भांडण जंगलाच्या पैशाचं होतं, आणि ते बंदुकीच्या आधीपासूनचं.

धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा बघा. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरायचा-राखायचा हक्क मिळाला. आता बांबू गावाचा. पण तो बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या कपाटात! परवाना नसेल तर माल नाक्यावर अडतो. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा ते पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. वनहक्क कायदा तर २००६ चा. एका पुस्तकासाठी दोन मंत्री लागले, तर बाकीच्या गावांचं काय होत असेल?

रस्ता हवाच, अडलेली बाई दवाखान्यात पोचायला हवी. खाणीत पोरांना नोकऱ्या मिळत असतील तर त्याही हव्यात. पण सुरजागडच्या डोंगरावर तिथल्या माडिया आदिवासींचा ठाकुरदेव आहे, आणि ग्रामसभेला न जुमानता डोंगर खणला तर खदखद राहणारच.

सगळ्यात अवघड मात्र गावातलं गावात मिटवणं. एका घरचा पोरगा सी-६० मध्ये, म्हणजे पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकात, शेजारचा दलममध्ये, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत, तिसऱ्या घरातला बाप खबऱ्या म्हणून मारलेला. शरण आलेल्याला बक्षीस, पुनर्वसन मिळतं. पण त्याने आणि त्या तिसऱ्या घरातल्या मुलाने एकाच हातपंपावर पाणी कसं भरायचं, याचा शासन निर्णय निघत नाही. ते गोटुलात, म्हणजे गावाच्या सामायिक बैठकघरात बसून, पंचांसमोर बोलूनच सुटेल, आणि वेळ खाईल.

हे फक्त ‘तिकडचं’ही नाही. १९४५ मध्ये जुन्या ठाणे जिल्ह्यात, तलासरी-डहाणूकडे वारली वेठबिगारीविरुद्ध उठले, तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. वेठ सुटली. जमिनीच्या दाव्यांच्या फायली इकडच्या पाड्यांत आजही फिरताहेत, आणि कसतो तेवढी जमीन मोजणीत क्वचितच उतरते.

तुम्हाला खरंच अंदाज घ्यायचा असेल तर मे महिन्यात, तेंदूच्या हंगामात तिकडे जा. लिलाव कोण करतं, पैसे कोणाच्या खात्यात येतात, हिशोब गावासमोर वाचतात का, एवढं विचारा. चकमकींचे आकडे काय, पेपरात येतातच.