कारखाने आणि प्रशिक्षण संस्था यांनी मिळून कामगार घडवण्याचा उपक्रम व्यवहारात चालतो का, आणि त्याची सुरुवात कशी करावी?

चालतो, मात्र ज्या पद्धतीने तो बहुतेक ठिकाणी सुरू केला जातो, त्या पद्धतीने चालत नाही. सामंजस्य करारावर सह्या होतात, अभ्यासक्रम समितीवर कारखान्यांचे एक-दोन प्रतिनिधी घेतले जातात, आणि वर्ष सरते न सरते तोच दोन्ही बाजू एकमेकांच्या माथी खापर फोडू लागतात. मी प्रशिक्षण संस्थेत टर्नर आणि मशिनिस्ट या ट्रेडना, म्हणजे यंत्रावर धातू कापून भाग बनवण्याच्या व्यवसायांना, शिकवत आलो आहे. त्यामुळे माझे उत्तर एका बाजूचे वाटेल, पण ही बाजू बैठकांमध्ये ऐकून घेतली जात नाही, म्हणूनच सविस्तर लिहितो. माझे ठाम मत असे आहे की अशी भागीदारी देणगीवर, नव्या यंत्रांवर किंवा सुधारित अभ्यासक्रमावर उभी राहत नाही. कारखान्याने आपला एक जाणता कामगार, त्याच्या पगारी वेळेत, शिकवण्यासाठी मोकळा केला तर ती उभी राहते. बाकी सर्व गोष्टी त्यानंतरच्या आहेत.

आमच्या परिसरातील काही कारखाने एकत्र येऊन संस्थेकडे आले होते, तेव्हा त्यांची तक्रार नेहमीचीच होती: मुलांना प्रोग्रॅम लिहिता येतो, पण सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कातकामाच्या यंत्रावर, उभे केले की माल नापास होतो. तक्रार खरी होती. आमच्याकडे सिम्युलेटर होता, एक प्रत्यक्ष यंत्रही होते, परंतु दिवसभर सलग उत्पादन घेताना यंत्र, हत्यार आणि माल यांच्यात जे घडते ते वर्गात घडवून दाखवता येत नाही. मी आग्रह धरला की यंत्र देऊ नका, माणूस द्या. पुष्कळ ओढाताणीनंतर एका कारखान्याने आपल्या टूलरूममधील (हत्यारे आणि साचे घडवणाऱ्या विभागातील) एका ज्येष्ठ कारागिरांना आठवड्यातून एक दिवस आमच्या मुलांसाठी मोकळे केले. मुले त्यांना काका म्हणत, मीही म्हणत असे.

त्यांनी पहिल्याच दिवशी जे शिकवले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात या रीतीने आलेले मी पाहिलेले नाही. ४० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट होता आणि बेअरिंग बसण्याच्या जागी मापात २५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरकाची मुभा होती. इन्सर्टची, म्हणजे हत्यारावर बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याची, धार झिजत जाते तसा व्यास वाढत जातो, म्हणून अधूनमधून वेअर ऑफसेट, म्हणजे झिजेपोटी यंत्राला दिलेली मापाची दुरुस्ती, उणे करावा लागतो, एवढे मुलांना पाठ होते. पण एक मुलगा प्रत्येक नग यंत्रातून काढला की लगेच मायक्रोमीटर लावत असे, माप जास्त आले की ऑफसेट बदलत असे, आणि तरीही संध्याकाळी तपासणीत त्याचे नग बारीक निघत. काकांनी एक शब्दही न बोलता त्याच्या हातातला नग घेऊन सरफेस प्लेटवर (मापनासाठीच्या सपाट पाटावर) ठेवला आणि काही वेळाने त्यालाच पुन्हा मोजायला लावला. माप उतरले होते. पोलाद तापले की फुगते; ४० मिलिमीटरचा नग २० अंशांनी जास्त तापलेला असेल तर माप साधारण ९ मायक्रॉनने वाढून येते, म्हणजे मुभेचा तिसरा हिस्सा नुसत्या उष्णतेतच जातो. मापनाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस असते हे त्या मुलाने परीक्षेत बिनचूक लिहिले असते, पण हातातला नग गरम आहे याचा त्या वाक्याशी असलेला संबंध त्याला कोणी जोडून दिला नव्हता. मग काकांनी त्याला लागोपाठच्या नगांची मापे एका कागदावर मांडायला सांगितली आणि एकट्या नगाकडे पाहून ऑफसेटला हात लावायचा नाही, मापे कोणत्या बाजूला सरकत आहेत ते पाहून लावायचा, हे त्याच्या गळी उतरवले. त्या तुकडीतील मुलांची नजर ज्या वेगाने तयार झाली, तशी मी माझ्या नोकरीत फार क्वचित पाहिली आहे, आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

पुढे त्या कारखान्यातील उत्पादन प्रमुखांनी काकांना परत बोलावून घेतले. मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी सांगितले, “सर, शिकवायचे आम्ही आणि मुलगा न्यायचा शेजारच्याने, हा व्यवहार मला वरिष्ठांपुढे मांडता येत नाही.” हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. त्याच बैठकीत त्याच गृहस्थांनी संस्थेतून तयार मुले मिळत नाहीत अशी तक्रारही नोंदवली होती, आणि या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच दमात बोलाव्यात हे मला तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही.

त्यांची भीती निराधार होती असे मात्र मी म्हणत नाही. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्येच हे मांडले आहे की जे कौशल्य कुठल्याही कारखान्यात उपयोगी पडते, त्याचा खर्च एकटा मालक आपणहून उचलणार नाही, कारण कामगार ते सोबत घेऊन दुसरीकडे जाऊ शकतो. पण यातून निघणारा निष्कर्ष शिकवणे बंद करा असा नसून एकट्याने शिकवू नका असा आहे, आणि प्रादेशिक भागीदारीचे सगळे प्रयोजन इथेच आहे. परिसरातील बहुतेक कारखाने शिकवू लागले की मुलगा शेजाऱ्याकडे गेला तरी शेजाऱ्याने घडवलेला मुलगा आपल्याकडे येतो. जर्मनीत १९६९ च्या कायद्याने उद्योगांतील उमेदवारीला, म्हणजे काम करता करता शिकण्याच्या पद्धतीला (अप्रेंटिसशिप), देशभर एकच चौकट दिली, परीक्षा उद्योग आणि कारागिरांच्या चेंबर्सकडे (व्यवसाय मंडळांकडे) सोपवल्या, आणि ज्या लहान कारखान्याला सगळी कौशल्ये स्वतः शिकवता येत नाहीत त्याला इतरांशी मिळून उमेदवार घडवण्याची सोय आहे. स्वित्झर्लंडमध्ये कारखाना आणि शाळा यांच्या जोडीला तिसरे शिक्षणस्थळ आहे, ते म्हणजे व्यवसाय संघटनांनी चालवलेले सामाईक वर्ग. तेथील पाहण्यांमध्ये बहुतेक कंपन्यांचा खर्च उमेदवारी संपेपर्यंत उमेदवाराच्या कामातूनच भरून निघालेला दिसतो. जर्मनीत सरासरीने कंपनीला पदरमोड करावी लागते, तरीही कंपन्या शिकवतात, कारण बाहेरून अनोळखी माणूस शोधून त्याला कामाला जुंपण्याचा खर्चही कमी नसतो.

तुम्हाला प्रादेशिक उदाहरणच हवे असेल तर अमेरिकेतील केंटकी राज्याचे पाहा. टोयोटाने २०१० मध्ये तेथील एका कम्युनिटी कॉलेजबरोबर देखभाल तंत्रज्ञ घडवण्याचा अभ्यासक्रम सुरू केला: आठवड्यातून दोन दिवस वर्ग, तीन दिवस प्रायोजक कारखान्यात पगारी काम, आणि हे पाच सत्रे. टोयोटाने तो स्वतःपुरता ठेवला नाही. त्याच मुलांसाठी तिच्याशी स्पर्धा करणारे इतर कारखानेही त्यात आले, आणि त्यातूनच तो इतर राज्यांत पसरला. याउलट ब्रिटनने २०१७ मध्ये मोठ्या मालकांवर वेतन खर्चाच्या ०.५ टक्के उमेदवारी आकार बसवला, आणि त्यानंतरच्या वर्षी नव्या उमेदवारी वाढण्याऐवजी लक्षणीय घटल्या. पैसे गोळा झाल्याने शिकवणारा माणूस आपोआप मिळत नाही.

आता तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे, म्हणजे सुरुवात कशी करावी याकडे येतो. अभ्यासक्रमापासून सुरुवात करू नका. आधी एकाच ट्रेडची गरज असलेले कारखाने शोधा आणि त्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांऐवजी शॉप फ्लोअरवरच्या सुपरवायझरांना एका टेबलाभोवती बसवा. कुठे माल नापास होतो आणि यंत्र कशामुळे बंद राहते, हे त्यांनाच ठाऊक असते. त्या यादीतील किती गोष्टी वर्गात शिकवता येतील आणि किती गोष्टींना कारखान्याशिवाय पर्याय नाही, एवढे त्यांच्याच तोंडून ठरले की अर्धा अभ्यासक्रम तयार होतो. मूल्यमापन शिकवणाऱ्याकडे न ठेवता सर्वांनी मान्य केलेल्या तिसऱ्या माणसाकडे द्या, म्हणजे प्रमाणपत्राला शेजारच्या कारखान्यातही किंमत राहील.

संस्थांचे दोष मी झाकत नाही. हजेरीपटावर पूर्ण झालेली आणि यंत्रावर न झालेली प्रात्यक्षिके आमच्याच क्षेत्रात होतात, आणि उद्योगातून आलेल्या माणसाला पदवी नाही म्हणून कमी लेखणारे सहकारीही मी पाहिले आहेत. शिवाय जिथे एकच मोठा कारखाना आहे तिथे वरचा सामाईक हिशेब लागू पडत नाही. तिथे अभ्यासक्रम त्या एका कारखान्यापुरता आखडतो आणि तो बंद पडला की मुले वाऱ्यावर जातात. मंदीत पहिली कात्री उमेदवारांच्या जागांना लागते, हेही गृहीत धरावे. उमेदवाराला कमी पगाराचा मजूर म्हणून एकाच यंत्रावर वर्षभर उभे करणारे कारखाने असतात. त्यांना गटात घेऊ नये, मग ते कितीही मोठे असोत.

परंतु शिकवणाऱ्या माणसाच्या मुद्द्यावर मी तडजोड सुचवणार नाही. कोणता कामगार, आठवड्यातील किती तास, त्या तासांत त्याचे उत्पादन कोण भरून काढणार, आणि तो निवृत्त झाला किंवा त्याची बदली झाली तर त्याच्या जागी कोण येणार, हे करारात नावानिशी लिहून घ्या. त्या तासांचा पगार सर्व सदस्य कारखान्यांनी वाटून उचलावा, म्हणजे कोणत्याही उत्पादन प्रमुखाला आपण एकटेच शेजाऱ्यासाठी खर्च करतो आहोत असे म्हणता येणार नाही. हे कलम नको म्हणणाऱ्या कारखान्याची देणगी, यंत्र किंवा सल्ला जरूर घ्या, पण त्याला भागीदार म्हणू नका आणि अभ्यासक्रम समितीत मताचा अधिकार देऊ नका.